शेवंतीपाशी बसलेली आत्या

आमच्या घरात फोटो काढायचा म्हणजे आधी आबा सगळ्यांना बसवून घ्यायचे. आबा म्हणजे माझे वडील. कॅमेरा माझा, रोल माझ्या पगारातला, पण कोण कुठे बसणार हे ठरवायचे ते. पुरुष पुढे, शाळेतून मागून आणलेल्या खुर्च्यांवर. बायका मागे, पदर पार कपाळापर्यंत ओढून. पोरं खाली मांडी घालून. आणि सगळ्यांच्या वहाणा, पिशव्या, रडणारी तान्ही पोरं सांभाळत फोटोच्या बाहेर उभी असायची ती माझी आत्या, आबांची सख्खी धाकटी बहीण. तिला कुणी बाजूला हो म्हणत नसे. ते काम तिनं आपणहून पत्करलंय, असं सगळे म्हणायचे. सोयीचं असलं की माणसं असंच म्हणतात.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. आम्ही थेरगावचे, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे. पिंपरीकडे कारखाने निघू लागले होते, त्यातल्या एकात मला स्टोअरमध्ये नोकरी लागली. तिथल्या एका कारकुनाची बदली झाली तेव्हा जाता जाता त्यानं आपला जुना बॉक्स कॅमेरा माझ्या गळ्यात मारला. डबाच तो. पोटाशी धरायचा, वरच्या इवल्याशा काचेत वाकून बघायचं, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. पण त्या डब्यानं मला वेड लावलं. सुट्टी आली की मी तो घेऊन निघालोच. मिरच्या वाळत घालणारी आई टिपली. पवनेत म्हशी धुणारा चुलता टिपला. म्हशी झकास आल्या, चुलता हलला. सगळे मिळून आळंदीला गेलो तेव्हा इंद्रायणीच्या घाटावर घरच्यांना उभं केलं, तर सगळे पोलिसांनी धरून आणल्यासारखे ताठ. फार मजेत गेले ते दिवस, खोटं कशाला बोलू?

त्यातल्या एकाही फोटोत आत्या नाही.

तिचं लग्न झालं तेव्हा ती परकरात होती. नवरा कसल्याशा तापानं गेला, आणि ज्याचा चेहराही तिला धड आठवत नव्हता त्याच्यासाठी तिचं कपाळ कायमचं मोकळं झालं. गावातल्या बाकीच्या घरांत अशा पोरीचा पाट लावून, दुसरं घर करून देत. आमचं घर स्वतःला उंच समजायचं, म्हणून आत्याचा लावला नाही. त्या उंचीचं काय लोणचं घातलं कुणास ठाऊक. ती माहेरी परत आली ती राबायलाच. धुणीभांडी, गोठा, आमची आजारपणं, सगळं तिच्याकडे. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, घरामागची फुलबाग. मोरीचं पाणी वळवून तिनं तिथे झेंडू, अबोली, गुलछडी आणि शेवंतीचे दोन वाफे केले होते. पहिली फुलं देवाला, मग आमच्या बहिणींच्या वेण्यांना. तिनं स्वतः कधी एक पाकळीही डोक्यात घातली नाही.

एका सकाळी मी त्या वाफ्यांचे फोटो काढत होतो. ती मागे येऊन उभी राहिली आणि पदराचं टोक चाळवत म्हणाली, "आरं, येक माजा बी काड की. हितं, शेवंतीपाशी."

मी बघतच राहिलो. आत्यानं कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं.

"आसं का बघतुयास? मी मेल्यावर कुणी इचारलं, कशी व्हती तुमची आत्या, तर काय दावणार हायस? वहाणा?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तिला सगळं दिसत होतं.

आबा चाकणच्या बाजाराला गेले त्या दिवशी तिचा फोटो काढला. ऊन माझ्या पाठीशी घेतलं. ती धुतलेलं लुगडं नेसून वाफ्याच्या कडेला बसली, आधी ताठ, मग मी काहीतरी थट्टा केली तेव्हा खुदकन हसली. तेवढ्यात मी खटका दाबला. रोल धुऊन आला तेव्हा माझं मलाच खरं वाटेना. इतका चांगला फोटो मी आधी काढला नव्हता आणि नंतरही नाही. तिनं तो हातात धरून पुन्हा पुन्हा पाहिला. तिची एकच तक्रार होती.

"शेवंती पार मातकट दिसतीया रं. केवडी पिवळीजरद हाय माजी शेवंती!"

मग मी तो पुण्याला नेला. पेठेतल्या एका स्टुडिओत फोटो मोठा करून हातानं रंगवून देत. रंगवणारे गृहस्थ म्हातारे होते, रंग लावायची कापूस गुंडाळलेली काडी कानावर खोचून बसायचे. मी त्यांना एकेक वाफा समजावून सांगितला. ही पिवळी, ही जांभळट, मागे अबोली, पानं काळपट हिरवी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाईविषयी त्यांनी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मनातही आलं नाही.

ठरल्या दिवशी मी गेलो तेव्हा फोटो तपकिरी कागदात गुंडाळून, दोरा बांधून तयार होता. गाडी गाठायची होती. तो तसाच छातीशी धरून चिंचवडला उतरलो आणि घरी येऊन सगळ्यांच्या देखत दोरा सोडला.

आधी शेवंती दिसली. खरंच पिवळीजरद. मग आईनं तोंडाला पदर लावला आणि मी नीट पाहिलं. आत्याच्या कपाळावर लालभडक कुंकू होतं, चांगलं ठसठशीत. हातांत हिरव्या बांगड्याही होत्या. म्हाताऱ्याचं काय चुकलं? बारीक फोटोत कुंकू उमटत नाही, म्हणून बाईमाणूस दिसलं की कपाळावर लाल ठिपका द्यायचा, ही त्यांच्या धंद्याची रीत. आमच्याकडची रीत त्यांना कुठून ठाऊक?

आत्या हात पुसत आतून आली. फोटोसमोर थांबली. तिचा चेहरा मी नीट पाहिला आहे, त्यामुळे पुढे कुणी काहीही सांगितलं तरी मी मानलं नाही. ती दचकली नाही. रडली नाही. तिला तो फोटो आवडला.

"ब्येस दिसतंय की," ती पुटपुटली.

आबा उठले. "आन हिकडं. चुलीत घालतो. घरात पोरीची सोयरीक चाललीया, लोक तोंडात श्यान घालतील."

मी म्हणालो, रंगच आहे, पुण्याला नेऊन काढून आणतो.

"काय सांगणार हायस त्येला? आमच्या आत्याचं कुंकू पुसून दे म्हनून?"

आबांचा मला तेव्हा विलक्षण राग आला. ते जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो राग गेलेला नाही आणि जावा असं वाटतही नाही.

आबांनी फोटोला हात घालायच्या आत आत्यानं तो उचलला. "जाळू नगंस दादा. माज्या शेवंत्या हायत त्यात. माजं मी पुसते."

ती मोरीपाशी जाऊन बसली. ओली चिंधी राखेत बुडवून तिनं कपाळावर फिरवली. रंग तेलाचा, तो निघेना. तिनं जोर केला, तेव्हा लाल फरफटत भुवयांवर आलं, डोळ्यांत उतरलं. मी म्हणालो, आत्या, राहू दे. तिनं ऐकलं नाही. तवा घासावा तशी ती घासत राहिली. कागदाचा वरचा पापुद्रा सुटला आणि त्याबरोबर कपाळ गेलं, डोळे गेले, ते हसू गेलं. मनगटंही तिनं तशीच घासली. शेवटी पिवळ्याजरद शेवंतीच्या मधोमध, लुगडं नेसलेला एक पांढरा डाग बसलेला उरला. आबांनी वाकून पाहिलं आणि बाहेर गेले. त्यांचं समाधान झालं होतं.

मी तिच्याजवळ बसलो. म्हणालो, काच माझ्याकडे आहे, म्हणजे फोटोची मूळ फिल्म. उद्याच दुसरा काढून आणतो, बिनरंगाचा, अगदी पहिला होता तस्सा.

तिनं राखेचे हात धुतले.

"नगं," ती म्हणाली. "आता बिनकुंकवाचा बघवायचा न्हाई मला."