शेवटाकडनं हाळी

इमामचाचा गेलं ही बातमी आली, तवा मी त्यांच्याच आवाजात खोकत हुतो. उंब्रजच्या बाजारात, चहाच्या हाटेलाम्होरं. मंडळी पोट धरून हसत हुती. आमच्या गावचा शंकऱ्या तेवढा हसला न्हाई. म्हणाला, "बास कर गड्या… चाचा सकाळीच गेलं."

चाचा आमचं पाटकरी. बंधाऱ्यावरनं निघणाऱ्या पाटाचं पाणी कुणाच्या रानात कवा सोडायचं, ते त्यांच्या हातात. गावानं मुद्दाम त्यांनाच ठेवलेलं, कारण त्यांना सवताचं वीतभर रान न्हवतं. पाळी ते पाटाच्या शेपटापासनं सुरू करायचं. वरच्या रानांनी तवर आपापली दारं मातीनं बुजवून धरायची. बंधाऱ्याजवळच्या धोंड्यावर उभं राहून चाचा आधी खोकायचं, अन् मग, "दारं बांधाऽऽ!" पाणी पोचलं की शेवटाकडनं सखूआक्का हाळी द्यायची, "पोचलंऽऽ!" ती ऐकल्याबिगर चाचा भाकरीचं फडकं सोडायचं न्हाईत.

त्यांची नक्कल मी त्यांच्याम्होरं बी केलेली. "आवं चाचा, जमलं का?"

"आवाज बरा हाय. खोकला खोटा हाय रं."

चाचांना माती दिली, अन् आठवडाभरात वरच्यांनी दारं उघडीच टाकली. वर उसात गुडघाभर चिखल, खाली आक्काचा शाळू पिवळा. तिचा एकुलता ल्योक ब्रह्मदेशात लढाईवर, घरात दोन नातवंडं खाणारी. ती आली अन् माझ्याम्होरं उभी राहिली.

"लय सोंगं करतोस न्हवं? कर की आता."

"आक्का, मेलेल्या माणसाचं सोंग?"

"माझा शाळू बी मरतोय की रं."

गेलो. धोंड्यावर उभा राहिलो. खोकलो, हाळी दिली. अन्… पहिल्या मळ्यातला आण्णा वाकला, खोरं घेतलं, दार बांधलं. मग त्याच्या खालच्यानं. मग त्याच्या. चाचाच्या कबरीवर मूठ मूठ माती टाकून आलेली माणसं ही! एकानं बी मान वर करून माझ्याकडं बघितलं न्हाई. मला हसू यायला पायजे हुतं… आलं न्हाई.

उन्हं उतरताना शेवटाकडनं हाळी आली. "पोचलंऽऽ, चाचाऽऽ!"

तवापास्नं पाळीला मीच जातो. वरच्या रानातलं अजून कुणी मान वर करून बघत न्हाई. आक्काची हाळी येईस्तोवर घास उतरत न्हाई. अन् खोकला… तो मी काढत न्हाई आता. धोंड्यावर पाय ठेवला की आपसूक येतो.