राख लावली की लाल होणारी पट्टी

कुरखेड्याकडच्या एका दवाखान्यात ड्रेसिंग रूम मी सांभाळते. आम्ही सिस्टर लोक घरून डबा आणायला विसरू, पण पेशंटचे किस्से विसरत नाही. एक निघाला की त्याच्यामागून चार येतात.

विरघळणारे टाके नवे आले होते. कुऱ्हाड लागलेले दसरूभाऊ दहाव्या दिवशी पाय पुढे करून बसले. "टाके काढा, सिस्टर." म्हटलं, भाऊ, ते आपोआप विरघळले. "मंग मी एवढ्या दूर काऊन आलो?" शेवटी मी चिमटा घेऊन खोटंखोटं काहीतरी उपटलं, तेव्हा कुठे ते खुशीत गेले.

पुढे त्यांचाच हात भाजला. डॉक्टरांनी ड्रेसिंगसाठी मधाची ट्यूब उघडली, तर भाऊंनी त्यातलं बोटावर घेऊन चाखलं. "हे मध नाई, पाक आहे." दुसऱ्या दिवशी जंगलातलं पोळंच घेऊन हजर! जखमेला असा कच्चा मध चालत नाही, हे समजावता समजावता डॉक्टर दमले. तो मध आम्ही पोळीशी संपवला.

मैनाबाईची तऱ्हा वेगळी. मोहफुलं वेचताना अस्वलाने पोटरी फाडलेली. डॉक्टरांनी नवी पिवळी पट्टी लावली. जखम बिघडली की ती लाल होते. "लाल दिसली की गावातल्या आशाताईकडून फोटो पाठवा. मी स्वतः गाडी घेऊन येतो."

बाईला पोटरीचं काही नव्हतं. "सुनेले आठवा लागला, डाक्टर. मांगच्या वेळी गाडी येईपर्यंत लेकरू गेलं."

चौथ्या दिवशी फोटो आला, पट्टी लालभडक. डॉक्टर जेवण टाकून निघाले, मागे मी. पाहतो तर जखम स्वच्छ. बाईने पट्टीवरून चुलीची राख चोळलेली, घरातली जुनी रीत. डॉक्टरांनी हात जोडले. "बाई, राखेनेही लाल होते ही." बाई पट्टीकडे बघत राहिली. "असं होय?"

जखम भरली. उरलेली एक पट्टी बाईने मागून घेतली.

महिन्याभराने भरदुपारी परत फोटो आला, परत लाल. आम्ही धडधडत पोचलो, तर बाई डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन अंगणात, ठणठणीत. डॉक्टर चिडले. "पाय बरा आहे, मग ही लाल कशाने झाली?"

"राखेनं."

"पण का?"

बाईने गुंड खाली ठेवला. "सुनेले कळा सुरू झाल्या. तिले धरा, मी गाडीत गोधडी टाकतो."