माहेर यवतमाळला नेलं

पाटलाची लेक आणि माझी ताई एकाच हंगामात गरोदर राहिल्या. दोघींचं पहिलंच. त्या हिवाळ्यात मी जेवढा हेवा केला तेवढा नंतर कधी केला नाही, आणि तो चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही.

आमचं गाव बोरी अरबपासून दीड-दोन कोस आत. मी रोज बोरीच्या शाळेत चालत जायची. माझ्या घरात शाळेचा उंबरा ओलांडणारी मीच पहिली. बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला त्याला दोन वर्षं झाली होती. आल्याबरोबर त्याने घरातले देव नदीत सोडले, गावकीची कामं सोडली आणि मला शाळेत पुढे पाठवायचं ठरवलं. पुढे मी बी.ए. झाले ती त्याच्या त्या एका हट्टामुळे, हे मी कधी विसरत नाही. पण त्याचा दुसराही एक हट्ट होता. आता आपल्या घरी सगळं पाटलाच्या घरासारखं व्हायला पाहिजे.

ताई दिग्रसला दिली होती. जावई तिथल्या कापसाच्या जिनात कामाला. त्यांच्या खोलीपासून सरकारी दवाखाना इतका जवळ, की सकाळी नर्सबाई कामावर जाताना दिसायची. ताईला सातवा लागला तेव्हा बा तिला आणायला गेला. तिची सासू म्हणाली, "इथंच राहू द्या ना, पाव्हणे. दवाखाना हाकेवर आहे. कायले पोरीले गाडीत हिंदळता?"

बाला ते लागलं. घरी येऊन तो मायला सांगत होता, "पहिलं बाळंतपण माहेरचं. आपण काय मेलो का? आपल्या आज्या-पणज्या पाटलाच्या वावराच्या धुऱ्यावर बाळंत झाल्या अन् लेकरू पाटीत घालून घरी आल्या. माही पोरगी तशी नाही होणार."

त्याने घर चुन्याने पांढरं केलं. आतल्या खोलीत नवी सुंभाची बाज आली. डिंक आला, हळीव आले, तुपाचं मडकं शिंक्यावर चढलं. त्याच आठवड्यात पाटलाची लेकही दारव्ह्याहून सासरच्या दमणीत, छपराच्या बैलगाडीत, बसून माहेरी आली. माय त्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची, मीही सुट्टीच्या दिवशी जायची. वेचणाऱ्या बायकांना दुसरा विषय नव्हता.

"अवं, दोन्ही पोट्ट्या संगंच बाळंत होते काय तं!"

"होऊ दे. कोणाचं लेकरू गोरं निघते ते पाहू."

"गोरं निघून का करते? वेचायले तं उन्हातच येईन."

सगळ्या हसल्या. मायही हसली. तिला बरं वाटत होतं. एका वाक्यात दोघींचं नाव घेतलं जात होतं, तेवढ्याचंच.

मी मात्र पाटलाच्या घरी ताक आणायला गेले की त्या लेकीला न्याहाळायची. लहानपणी ती याच शेताच्या बांधावर बसून बोरं खायची आणि ताई कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस भरायची. आता ती ओसरीवर पाय लांब करून बसलेली असायची, एक बाई तिच्या पायांना तेल लावत असायची. ताईच्या पायांनाही सूज होती. मी घरी येऊन मुद्दाम ताईचे पाय चोळायची, जोर लावून. "अवं, दुखते ना," ती म्हणायची, "काय राग काढून राह्यली का माह्यावर?"

नववा लागला आणि एका सकाळी माय वेचणी अर्धी टाकून घरी आली. डोक्यावरचं फडकंही तिने सोडलं नव्हतं.

"पाटलीणबाई चालली यवतमाळले," ती बाला म्हणाली. "पोरीले घेऊन. दवाखान्यापाशी खोली घेतली म्हणे. बाळंतपण तिथं करते."

"अन् माहेरचं म्हणून आणली होती ना तिले?"

"मीबी तेच इचारलं. तं म्हणे, मी संगं आहो ना, मंग तेच माहेर."

आम्ही बाहेर येऊन पाहिलं. पाटलाच्या दमणीत गाद्या चढत होत्या, तुपाचा डबा, स्टोव्ह, पाणी तापवायचं पातेलं, आणि ती तेल लावणारी बाई. दमणीच्या मागे आणखी एक छकडा. पाटलाच्या लेकीने चालताना पदर तोंडाशी धरला होता. मला वाटलं ती हसतेय. कदाचित तिला मळमळत असेल. पण मला तिचं सगळंच तेव्हा हसणं वाटायचं. त्यांनी माहेर उचलून गाडीत घातलं आणि यवतमाळला नेलं. आणि आम्ही त्यांच्यासारखं करायचं म्हणून ताईला दवाखान्याच्या दारातून उठवून इथे आणलं होतं.

माय त्याच दिवशी म्हणाली, "आपण ताईले दिग्रसले पोचवून देऊ. अजून येळ आहे."

"आता?" बा म्हणाला. "तिची सासू का म्हणन? दोन महिने ठेवली अन् बाळंतपण झेपलं नाही म्हणून धाडली?"

ताई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "माय, तू चालशीन का मंग संगं? तू असली तं मी जातो."

बाने तिच्याकडे पाहिलं. "लेकीच्या सासरी माय बाळंतपण करायले जाते का कुठं? घास तरी उतरन का तिच्या गळ्याखाली त्या घरात?"

मायने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. आमच्याकडे लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जपून पितात. देव सोडणं बाला सोपं गेलं, हे जड गेलं.

ताईच्या कळा पहाटे सुरू झाल्या. आमच्याच वस्तीतली सुईण आली. माझा आणि ताईचा जन्म तिच्याच हातचा. दुपार कलली तरी बाळ येईना. सुईण बाहेर आली, हात पुसत बाला म्हणाली, "लेकरू आडवं आहे, दादा. हे माह्या हातचं नाही. यवतमाळले न्या."

गाडी कुठून आणायची? पाटलाची दमणी यवतमाळला. गावातल्या बाकीच्या गाड्या कापूस भरून बाजाराला गेलेल्या. बा धावत तांड्याकडे गेला. तिथला एक बंजारा माणूस बाजाराला निघायच्या तयारीत होता, कापसाने गाडी भरलेली. बाने काय सांगितलं माहीत नाही. त्या माणसाने आणि त्याच्या बायकोने कापूस तिथेच अंगणात ओतला, थोडा तळाला ठेवला, आणि गाडी आमच्या दाराशी आणली. "चाल, याडी," तो ताईला म्हणाला, आई म्हणावं तसं, आणि तिला लेकरासारखी उचलून कापसावर ठेवलं.

माय आणि मी गाडीत, बा चाकाला धरून पायी. बोरीला मोटर निघून गेली होती. कापसाच्या गाठी नेणाऱ्या एका ट्रकवाल्याने आम्हाला पुढे बसवलं. सगळी वाट ताई माझं मनगट धरून होती. मी मनात एकच म्हणत होते, ती पोचली असेल, ती केव्हाच पोचली असेल. मी पाटलाच्या लेकीबद्दल म्हणत होते.

दवाखान्यात ताई वाचली. बाळ नाही. मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी तिला बायकांच्या वॉर्डात आणलं. खाट रिकामी नव्हती, म्हणून भिंतीशी खाली गादी घातली. मी डोकं वर केलं तर खिडकीजवळच्या खाटेवर पाटलाची लेक. तिच्या कुशीत तीन दिवसांची मुलगी. खाटेला मच्छरदाणी, उशाशी थर्मास, पोटाला शेकायची रबरी पिशवी. नर्सबाई तिला "अहो" म्हणत होती आणि ताईला "ए, सरक जरा" म्हणत होती. मला त्या पिशवीचासुद्धा हेवा वाटला. ताईच्या पोटावर ती ठेवली तर तिचं दुखणं निम्मं होईल असं मला खात्रीने वाटत होतं, आणि ती मागायची हिंमत माझ्यात नव्हती.

पाटलीणबाई उठून आमच्यापाशी आली. वाईट बाई नव्हती ती. कपभर दूध आणलं होतं तिने.

"आधीच आणाची ना इथं," ती म्हणाली. "एवढा उशीर काहून केला?"

मायने कप हातात घेतला. "तुमचं माहेर गाडीत बसते, पाटलीणबाई," ती म्हणाली. "आमचं नाही बसत."

पाटलीणबाई लेकीच्या खाटेकडे परत गेली. ताई दूध प्यायली. तिची छाती दुधाने दगडासारखी झाली होती. पलीकडची मुलगी रडली की ताईचं लुगडं पुढून भिजायचं, आणि ती भिंतीकडे तोंड करायची. मी तिच्या आणि त्या खाटेच्या मध्ये बसायची, तिला काही दिसू नये म्हणून.

सुट्टी मिळाली तेव्हा रीतीप्रमाणे तिला आमच्या घरी यायचं होतं. स्टँडवर ती बाला म्हणाली, "मले दिग्रसच्या मोटरमध्ये बसवून दे." बाने बसवून दिलं. मोटर गेल्यावरही तो बराच वेळ तिथेच उभा होता.

ताईला पुढे दोन मुलं झाली, दोन्ही दिग्रसच्या दवाखान्यात. ती त्यासाठी गावी आली नाही आणि तिला कोणी बोलावलंही नाही.

मी शिकले, दारव्ह्याला शाळेत लागले, लग्न झालं. माझं पहिलं बाळंतपण आलं ते साठीचं दशक सरत असताना. माय आठ दिवस आधी माझ्या सासरी येऊन राहिली, तिथलं जेवली, तिथलं पाणी प्यायली, आणि कोणी नावं ठेवली नाहीत. दवाखान्यात मला खाट मिळाली, नर्सबाई मला "मॅडम" म्हणाली. ताई दिग्रसहून भेटायला आली. तिने बाळ मांडीवर घेतलं, त्याचं टोपडं सारखं केलं, मग माझ्या खाटेकडे, उशाशी बसलेल्या मायकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. मी ती नजर पाटलाच्या ओसरीवर आणि त्या वॉर्डात वापरली होती.

"इच्या येळी तू आली," ती मायला म्हणाली. आवाज चढवला नाही. "माह्या येळी काहून नाही आली, माय? म्यां इचारलं होतं तुले."

माय चादरीची घडी घालत होती. "तवा नाही येता आलं मले, बाई," ती म्हणाली. घडी मोडून तिने पुन्हा घातली.

ताईने मान हलवली आणि बाळाला घेऊन खिडकीपाशी गेली. ते भुकेलं होतं, मूठ चोखत होतं, आणि माझ्या छातीत दूध दाटून येत होतं. तरी ती आपणहून वळेपर्यंत मी बाळ मागितलं नाही.