घरतसरांची झेंडूची माळ

दिनकर घरत गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पनवेलजवळच्या आमच्या डेटा सेंटरच्या कंट्रोल रूममध्ये बसले होते. फोनवर त्यांच्या पत्नी होत्या. "बाय, यांचं सकाली हार्ट बंद परलं. तुमच्या हापिसात कोनाला सांगायचं ते मना ठावं नाय, म्हनून तुला केला." मी फोन ठेवला आणि समोरच्या पडद्यावरचे आकडे नेहमीसारखे वाचत राहिले. आमच्या धंद्यात माणूस गेला तरी लाइट जाऊन चालत नाही. त्याला आता दोनेक महिने होत आले.

घरतसर आमचे वीजपुरवठ्याचे प्रमुख. मूळचे विचुंब्याचे, घरची शेती कधीच इमारतींखाली गेलेली. बोलायला लागले की समोरच्याची सुटका नसे, आणि विषय एकच, वाया जाणारी वीज. बाहेरची वीज गेली तरी सर्व्हर क्षणभरही बंद पडू नयेत म्हणून आमच्याकडे चार मोठे यूपीएस आहेत. काम दोघांत भागतं, पण भीतीपोटी चारही चालू ठेवलेले. असा अर्धपोटी चालणारा यूपीएस बरीच वीज नुसती तापण्यात घालवतो. "एक कप चहाला चार गॅस पेटवता का हो घरी?" असं ते नव्या मॅनेजरला विचारत, भेटीला आलेल्या ग्राहकालाही विचारत. मी तर कधीकधी ते दिसले की कँटीनचा रस्ताच बदलायचे. दोन यूपीएस झोपवायचे, उरलेल्या दोघांना पोटभर काम द्यायचं, गरज पडली की झोपलेले आपोआप उठतील, ही त्यांची योजना. वरून ठरलेलं उत्तर येई: चालू आहे ना, मग हात कशाला लावता? कितीतरी वर्षं मागे लागून अखेर त्यांनी चाचणीची परवानगी मिळवली. अट एकच होती. काही बिघडलं तर चाचणी बंद, पुन्हा विषय काढायचा नाही.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. हळदकुंकू, आपट्याची पानं, झेंडूच्या माळा. माळा घरतसरच पनवेलच्या बाजारातून आणत. गेल्या दसऱ्याला स्वारी खुशीत होती, चाचणी नुकतीच सुरू झालेली. त्यांनी दोन चालू यूपीएसपैकी एकाला चांगली जाडजूड, दुपदरी माळ घातली, आणि ती आली नेमकी हवा आत घेणाऱ्या जाळीवर. इतकी वर्षं अशी माळ खपून गेली होती, कारण यूपीएस अर्ध्या कामावर असायचा. या वेळी तो पूर्ण कामाला जुंपलेला. पेढे वाटून होतात न होतात तोच अलार्म वाजला. यूपीएस तापून बंद पडला होता. दुसऱ्या चालू यूपीएसने तेवढ्यापुरता सगळा भार पेलला, झोपवलेला एक जागा झाला, आणि सर्व्हरना काही कळलंसुद्धा नाही.

मी धावत पोचले तेव्हा खोलीत एकटे घरतसर होते. फुलं जाळीला ओढली जाऊन चिकटली होती. माळ काढून पिशवीत टाकायला त्यांना भरपूर वेळ होता. मग दोष चाचणीच्या माथी आला असता आणि ते सहीसलामत सुटले असते. पण त्यांनी तिला हात लावला नाही. एवढ्यात मोठे साहेब आले. "सांगितलं होतं ना, हे उद्योग नकोत! आजच्या आज बंद करा सगळं."

घरतसर एरवी ऑफिसात अगदी छापील बोलायचे. त्या दिवशी मात्र… "साहेब, ही माल मी घातली, जालीवर. चूक माजी हाय, चाचनीची नाय. आन् झोपलेला उठला, त्ये बगा की."

चाचणी वाचली. घरतसरांना मात्र तिच्यावरून काढलं, आणि उरलेलं काम बाहेरून आणलेल्या एका इंजिनिअरकडे गेलं. मला सरांचा फार राग आला होता. "गप्प बसायचं होतं ना," मी म्हटलं. ते म्हणाले, "गप्प बसलो असतो तर चारही परत चालू झाले असते, मॅडम. मी काय, जनरेटर बघेन." शेवटपर्यंत जनरेटरच बघत होते. चाचणी कायमची झाली तेव्हा सत्कार त्या इंजिनिअरचा झाला. घरतसर पुढच्या रांगेत बसून मनापासून टाळ्या वाजवत होते. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पुरतं पटत नाही.

यूपीएसच्या खोलीत मी अजून रोज जाते. तिथली एक गोष्ट बाहेर कुणाला ठाऊक नसेल. दर पावसाळ्यात आम्ही सगळे नियम धाब्यावर बसवून यूपीएसच्या मागे, गरम वाऱ्यात रेनकोट वाळत टाकायचो, आणि दुपारपर्यंत ते खडखडीत वाळायचे. गेल्या आठवड्यात खारघरहून येताना मी भिजले आणि सवयीने रेनकोट तिसऱ्या यूपीएसच्या मागे टांगला. तो आता झोपलेला असतो. संध्याकाळी काढायला गेले तर रेनकोट होता तसाच ओला. तसाच अंगावर चढवला. पाठीला गार लागलं, आणि घरतसरांना फोन करून सांगावंसं फार वाटलं… सर, वाळला नाही.