न्हाणीतलं स्वस्तिक

गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीत पडले. मोडलं काही नाही. कंबर थोडे दिवस कुरकुरली आणि मग गप्प बसली. पण त्या दिवसापासून सून मला आंघोळ घालायला लागली.

सून वाईट नाही. मायेनेच करते. पण मी परकर छातीशी बांधून पाटावर बसायचं आणि तिने माझी पाठ चोळायची, हात वर करा म्हणायचं, कानामागे राहिलं म्हणायचं. हिच्या नवऱ्याला मी पायांवर घेऊन न्हाऊ घातलेलं आहे. कानामागे काय राहतं ते मला तिने सांगायला नको. माझी मागणी एवढीच होती की मला माझी आंघोळ एकटीला करू द्या. दार लावून, आतून कडी घालून.

घरात दुसरं न्हाणीघर आहे. मुलाने बांधलेलं, गुळगुळीत फरशीचं. त्यात शिरायला पायरी चढावी लागते, आणि ती फरशी ओली झाली की तिच्यावर मांजरसुद्धा उभं राहत नाही. माझी न्हाणी मागच्या दारी आहे, जुन्या खरबरीत दगडाची. तिथे भिंतीला धरायला एक दांडी आणि बसायला स्टूल, एवढं झालं असतं तर प्रश्न मिटला असता.

नातीने प्लंबरला बोलावलं. नात रोज अंधेरीला नोकरीला जाते आणि घरातली सगळी कामं फोनवरून करते. प्लंबर आला, भिंती ठोकून बघितल्या. एका भिंतीला दार, दुसरीला खिडकी, तिसरी पत्र्याची.

"आजी, दांडी या भिंतीला बसेल," तो म्हणाला आणि चौथ्या भिंतीकडे बोट केलं.

चौथ्या भिंतीला बंब होता.

तांब्याचा बंब. माझ्या कमरेच्या वर येणारा. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली राखेची जाळी. गिझर आल्यापासून तो पेटवलेला नव्हता, नुसता उभा होता. तोटीच्या वर पितळेची चकती बसवलेली आणि तिच्यावर कोरलेलं स्वस्तिक, चार घरांत चार ठिपके. सासऱ्यांनी तो माझ्या लग्नाच्या आधी घेतला होता. तेव्हा भांडीवाला विचारायचा, कोणाचं घर? आपलं असेल तर स्वस्तिकाची चकती, ख्रिस्ती असेल तर क्रूसाची. बंब तोच, विस्तव तोच. शुभ काय ते गिऱ्हाइकाने सांगायचं.

रात्री जेवताना मी म्हटलं, "बंब विकून टाका."

मुलाचा घास हातातच राहिला. "विकायचा? आपला बंब?"

"आपलाच. दुसऱ्याचा कसा विकणार?"

"आई, त्याच्या पाण्याने मी लहानाचा मोठा झालो."

"विहिरीच्या पाण्याने झालास. बंबाने ते नुसतं तापवलं."

सून मुलाच्या मदतीला आली. "पण आई, त्याच्यावर स्वस्तिक आहे. स्वस्तिक असलेली वस्तू घरातून बाहेर काढू नये. लक्ष्मी जाते."

ही लक्ष्मी इतकी वर्षं न्हाणीत राहत होती हे मला नवीनच कळलं.

बरं, विकायचा नाही तर हलवा, मी म्हटलं. मग त्याला जागा शोधायचं काम सुरू झालं. पडवीत नको, तिथे चपला असतात. मागच्या अंगणात नको, कुत्रं येऊन तंगडी वर करील. नात म्हणाली, हॉलच्या कोपऱ्यात ठेवू आणि वरून मनीप्लांट सोडू. सून म्हणाली, स्वस्तिकाच्या डोक्यावर माती कशी घालायची? देवघरात ठेवायचा तर देवांना बाहेर झोपावं लागलं असतं. भंगारात द्यायचं नाव काढलं तर मुलगा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्यालाच भंगारात द्यायला निघाले होते. "ते वितळवतील आई. स्वस्तिकासकट."

इतकी वर्षं त्या स्वस्तिकासमोर आम्ही अंगाचा मळ काढला. पोरं त्याच्यासमोर नागडी नाचली. मी रोज त्याच्या पोटातली राख उपसली. तेव्हा त्याला कधी काही वाटलं नाही. आता चपलांशेजारी ठेवलं की त्याचा अपमान होणार होता. आणि त्याचा मान राखायला रोज सकाळी माझी पाठ सूनबाई चोळणार होत्या.

पलीकडच्या वाडीतली माझी जुनी मैत्रीण केळफूल द्यायला आली. ती ख्रिस्ती. त्यांच्याकडे क्रूसाचा बंब होता. तिला मी सगळं सांगितलं. ती पोटभर हसली.

"बाय, आमचा बंब पोरांनी कधीच विकला."

"क्रूस असून?"

"क्रूस असून. फादरला विचारलं नाही, आणि मलासुद्धा विचारलं नाही. मी लग्नाला गेले होते, परत आले तर तिथे वॉशिंग मशीन."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? कपडे धुतले."

हे मी मुलाला मुद्दाम ऐकवलं. तो म्हणाला, त्यांचं वेगळं आहे. काय वेगळं ते त्याने सांगितलं नाही.

शेवटी नात मधे पडली. ती म्हणाली, "पप्पा, भंगारात नको ना? मग ज्याला हौस आहे त्याला देऊ. जुन्या तांब्याच्या बंबाला लोक वेडे आहेत. घासून पुसून हॉटेलात ठेवतात. वितळवत नाहीत." मुलाने मान हलवली. होकाराची हलवली की नकाराची ते मी बघितलं नाही. मी होकाराची धरली.

नात ॲपवर फोटो टाकणार होती. ती कपडे बदलून येईपर्यंत सून न्हाणीत जाऊन आली. घरातून जायची वस्तू अशी कोरडी कशी पाठवायची म्हणून तिने बंबाला हळदकुंकू लावलं. लावलं म्हणजे बोट टेकवलं नाही. स्वस्तिकाच्या खाचांत पाण्यात कालवलेलं कुंकू काडीने भरलं, नीट, एकही कोपरा न सोडता. एरवी काळ्या पडलेल्या चकतीवर ते स्वस्तिक शोधावं लागायचं. आता दारातून दिसत होतं, लालभडक. नातीने तसाच फोटो काढला आणि टाकला.

चहा होईपर्यंत फोनवर निरोप आला. जाहिरात काढून टाकली आहे. द्वेषाचं चिन्ह दाखवता येत नाही.

"कसलं चिन्ह?" सून म्हणाली.

"द्वेषाचं, मम्मी. तू रंगवलंस ना, ते."

सुनेचा चेहरा पडला. "मी तर कुंकू लावलं."

"तिथल्या माणसाला सांग की हे कुंकू आहे," मी म्हटलं.

"तिथे माणूस नाही आजी. मशीन बघते."

"मग मशीनला कोणी हळदकुंकवाला बोलावलं नसेल."

नातीने मग मला समजावलं. युरोपात एका हुकूमशहाने आपल्यासारखंच चिन्ह घेतलं, तिरकं केलं, झेंड्यावर लावलं आणि त्या झेंड्याखाली लाखो माणसं मारली. लहान पोरंसुद्धा. त्या लढाईबद्दल मी थोडंफार ऐकलं होतं, चिन्हाचं ऐकलं नव्हतं. चौथीपर्यंतच्या पुस्तकात ते नव्हतं आणि पाचवीचं पुस्तक माझ्या हातात आलं नाही.

मुलगा चिडला. आमचं चिन्ह हजारो वर्षांचं, ते शुभ, त्यांनी शिकून घ्यावं, असं बरंच बोलला. मी म्हटलं, शिकतील तेव्हा शिकतील. ज्याच्या घरातली माणसं त्या झेंड्याखाली ओढून नेली, त्याला हे दारात दिसलं तर तो घाबरणारच. त्याला मी काय सांगू, की घाबरू नकोस बाबा, आमच्याकडे हे आंघोळीला असतं?

नातीने मशीनला मोठं उत्तर लिहिलं. हे भारतातलं जुनं शुभचिन्ह आहे, भांड्यांवर, दारांवर, वह्यांवर असतं, वगैरे. मशीनने पुन्हा नाही म्हटलं. मग तिने बंब फिरवायला लावला आणि पाठीमागून फोटो काढला. पाठ कोणाचीच द्वेषाची नसते. तो फोटो राहिला.

त्यावरून चिंचोटीकडचा एक माणूस आला. धबधबा बघायला येणाऱ्या लोकांसाठी तो तिकडे खोल्या बांधत होता. त्याने बंब पुढे फिरवला, स्वस्तिक बघितलं आणि खूश झाला.

"हे फोटोत का नाही दाखवलं? हेच तर पाहिजे! पोरं याच्याबरोबर सेल्फी काढतील."

"आणि आंघोळ?" मी विचारलं.

"आंघोळीला सोलर आहे, आजी."

पैशाचं पटकन जमलं. पण मग मुलाने त्याला बसवून घेतलं आणि मुलीचं स्थळ बघावं तशी चौकशी सुरू केली. कुठे ठेवणार? स्वागताच्या टेबलाजवळ. शेजारी चपलांचं कपाट? नाही. आत कचरा टाकणार? नाही. दारूच्या बाटल्या? त्या माणसाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "नाही," तो म्हणाला. सगळ्याला हो किंवा नाही, जे हवं ते म्हणाला, बिचारा. मला वाटलं, झालं. उद्या प्लंबर.

"पण दिवाळीनंतर न्या," मुलगा म्हणाला. "एक शेवटचं अभ्यंगस्नान त्याच्या पाण्याने व्हायला हवं."

दिवाळी तेव्हा बरीच लांब होती. म्हणजे तोवर माझी पाठ सुनेच्या ताब्यात. मी त्या दिवशी भांडू शकले असते. पण भांडून मिळालेली जागा तो जन्मभर मला ऐकवत बसला असता. मी म्हटलं, "बरं. पण पाणी तू भरायचंस आणि बंब तू पेटवायचास. माझी कंबर आता त्या कामाची नाही."

"त्यात काय!" तो म्हणाला.

आमच्याकडे अभ्यंगस्नानाच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरतात. बंब घासून लखलखीत करायचा, गळ्यात झेंडूची माळ घालायची, कारिटाचा वेल गुंडाळायचा, पुढे रांगोळी काढायची आणि काठोकाठ पाणी भरून ठेवायचं. मुलाने चिंच आणि मीठ घेऊन घासायला सुरुवात केली. मी दारात खुर्ची टाकून बसले. सुनेचं कुंकू खाचांत सिमेंटसारखं बसलं होतं. ते त्याने जुन्या टूथब्रशने कोरून कोरून काढलं. मधेच उठून पाठ ताणली.

"राहू दे तेवढं," सून म्हणाली.

"छे," मी म्हटलं, "ठिपके राहिलेत."

पहाटे उठून त्याने नारळाची सोडणं पेटवली. आदल्या आठवड्यात अवकाळी पडून गेला होता, सोडणं आतून ओली. धूर नळीतून वर जायचा तो खालून बाहेर आला, न्हाणीत भरला, मागच्या दारातून स्वयंपाकघरात शिरला आणि तिथून चकल्यांच्या डब्यांवरून हॉलमध्ये गेला. आम्ही सगळे तेल लावून, उटणं चोपडून रांगेत बसलेले. उटणं वाळून अंग ओढायला लागलं. नात खोकत म्हणाली, "पप्पा, गिझर आहे हो घरात." मुलगा विस्तव फुंकत म्हणाला, "थांबा जरा." त्याचे डोळे लाल झाले होते आणि भुवयांना राख लागली होती. पाणी तापेपर्यंत उजाडलं. बाहेर लोकांचे फटाके संपले.

पहिली आंघोळ त्याची. आतून ओरडण्याचा आवाज आला. बंबाच्या तोटीतून पाणी कढत येतं आणि बादलीत गार मिसळल्याशिवाय अंगावर घेता येत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. माहीत कसं असणार? लहानपणी त्याच्यापुढे बादली भरलेली यायची.

तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि माझ्याशेजारी पायरीवर बसला.

"आई, हे तू रोज करायचीस?"

"रोज. पावसात सुद्धा."

"सगळ्यांचं पाणी?"

"नाही. शेजाऱ्यांचं नाही करायचे."

तो हसला नाही. मी हसले. बाकीच्यांनी गिझरच्या पाण्याने उटणं धुतलं. फराळाला बसायच्या आधीच त्याने चिंचोटीच्या माणसाला फोन लावला. त्या माणसाने सांगितलं, आजच टेम्पो पाठवतो. तेव्हा सून आडवी आली. दिवाळीच्या दिवसांत नाही, भाऊबीज होऊ द्या. एवढं मी तिला दिलं. लक्ष्मीलाही सामान बांधायला वेळ लागत असेल.

टेम्पो आला तेव्हा सुनेने पुन्हा हळदकुंकू लावलं, या वेळी बोटाने. हमालांनी बंब आडवा करून दोर आवळला, तो नेमका स्वस्तिकावरून. मुलाने ते बघितलं. टेम्पो वळेपर्यंत तो फाटकात उभा राहिला, मग आत येऊन चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी प्लंबरने दांडी बसवली, चांगली जाड स्टीलची. मी धरून, ओढून, लोंबकळून बघितली. स्टूल आलं. मी बादली भरून घेतली, आत गेले, दार लावलं आणि कडी घातली.

बाहेर सुनेची पावलं वाजत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"आई, ठीक आहात ना?"

"आहे."

थोड्या वेळाने पुन्हा. "आई, पडलात का?"

"पडले असते तर आवाज आला असता."

"मग इतका वेळ काय करताय?"

"आंघोळ," मी म्हटलं, आणि आणखी एक तांब्या डोक्यावर घेतला.