मोहरी रंगाचा दिवा

मला सांगा, मोहरी कुठल्या रंगाची असते? माझ्या मिसळणाच्या डब्यात तरी काळीच आहे. म्हणून लेकीने ऑफिसातून फोन करून विचारलं, "आई, आजोबांच्या दिव्याला मस्टर्ड रंग घेऊ ना? म्हणजे मोहरी," तेव्हा मी फोडणी करता करता "घे" म्हणून मोकळी झाले. बाबांचा जुना दिवा काळाच होता. मला वाटलं, काळ्याच्या जागी काळा.

आला तो हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळाजर्द!

माझे बाबा सरकारी कचेरीत कालव्यांचे नकाशे काढायचे. तेव्हापासूनचा तो दिवा, टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा. हवा तसा वळणारा दांडा आणि पत्र्याची टोपी, बाहेरून काळी, आतून पांढरी. आता बाबा नव्वदीला आलेत. एक डोळा गेलाच, दुसरा अर्धा आहे, आणि तो अर्धा ते दिवसभर जपून ठेवतात संध्याकाळच्या शब्दकोड्यासाठी. दिवेलागणीला भिंग, पेन्सिल आणि पेपर. बाकी त्यांना काही नको असतं.

जुन्या दिव्याचा होल्डर ठिणग्या टाकायला लागला, म्हणून लेकीने नवा मागवला. डिझाइन हुबेहूब जुनं, रंग तेवढे नवे. नवा देताना जुना दिवा दुकानाची माणसं बदल्यात घेऊन गेली. पण या दीडशहाण्यांनी नव्याची टोपी आतूनसुद्धा पिवळी रंगवली होती! कागदाला कावीळ झाल्यासारखा उजेड.

पहिल्याच संध्याकाळी बाबा थोडा वेळ कोड्यावर वाकले आणि लेकीला म्हणाले, "वाढव गं दिवा." आमच्या घरात दिवा विझवत नाहीत. नारळ जसा फोडायचा नसतो, वाढवायचा असतो, तसाच दिवा वाढवायचा. लेकीने बटण दाबलं, उजेड दुप्पट. बाबांनी डोळ्यावर हात धरला. "अगं, वाढव!" तिने आणखी दाबलं. मी स्वयंपाकघरातून धावत येऊन प्लगच उपटला.

"मग विझव म्हणायचं ना!" लेक म्हणाली. बाबा हसले. मला काही हसू आलं नाही.

त्यानंतर बाबा रोज दिव्याखाली बसायचे आणि जरा वेळाने पेपर घडी करून ठेवायचे. विचारलं की म्हणायचे, "आजचं सोपं होतं. मनातल्या मनात सोडवलं." मी विश्वास ठेवला, तीन आठवडे! मग रद्दी बांधताना एकेक पेपर उघडून पाहिला. सगळी कोडी कोरी. एक अक्षर नाही. माझं टाळकंच सरकलं. रिक्षा केली आणि तो पिवळा नवरदेव मांडीवर घेऊन बिबवेवाडीतून थेट दुकान गाठलं.

"मॅम, डिझाइन तेच आहे, फक्त कलर नवीन," तिथली मुलगी म्हणाली.

"अहो, आतला पांढरा रंग शोभेचा नव्हता. त्याने कागदावर उजेड पडायचा. तुम्ही कधी दिव्याखाली बसून काही वाचलंय का?"

तेवढ्यात काचेपलीकडे आमचा जुना दिवा दिसला. बल्ब नाही, दांड्यावर प्लॅस्टिकची वेल सोडलेली. माझ्या बापाचा दिवा आणि त्याच्यावर वेल! मी ती उतरवून मुलीच्या हातात दिली, पिवळा दिवा काउंटरवर ठेवला, आमचा काळा उचलला आणि म्हणाले, "हा घ्या, लोणच्यात घाला." कुणी अडवलं नाही. अडवून तर बघायचं होतं.

तशीच बुधवार पेठेत गेले. दुरुस्तीवाल्या काकांनी सगळं ऐकून होल्डर बदलता बदलता एवढंच विचारलं, "हा टाकून दिला होतात? उत्तम." ते बोलणं माझ्या वाट्याचंच होतं.

संध्याकाळी दिवा लावला. कागदावर स्वच्छ पांढरा उजेड पडला. बाबांनी टोपीवरून हात फिरवला, "आला का," म्हणाले आणि भिंग घेऊन वाकले. मी शेजारीच उभी राहिले. पुष्कळ वेळ गेला. पेन्सिल काही हलली नाही.

"वाढव," बाबा म्हणाले.

मी बंद करायला हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तसा नाही गं. तुझी लेक वाढवत होती, तसा."

या दिव्याला तसलं बटण नाही.