तोच सीन पुन्हा

महिन्यातून एका रविवारी दुपारी आमचा एक मित्र ट्रुगानिना या आमच्या उपनगरातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये आम्हाला जुने सिनेमे दाखवतो. एरवी वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. आम्ही येतो सात-आठ जण, तरी हा खुर्च्या तीस मांडतो, त्याही सरळ रांगांमध्ये. "कॉमेडी लाव ना यार," असं कुणी म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "नो वरीज, ती घरी बघ."

परवा त्याने एक जुना जपानी सिनेमा लावला. सगळ्या जगावर चिडलेली तरुण पोरं, मोटारसायकली, मारामाऱ्या. मध्येच नायक सोबतच्या मुलीच्या थोबाडीत मारतो. ती धडपडून पडली आणि आमच्यात हशा पिकला.

त्याने सिनेमा थांबवला, मागे नेला आणि तोच सीन पुन्हा लावला. या वेळी दोघे-तिघेच हसले.

"रिमोट बिघडला का रे?" कुणीतरी विचारलं.

"रिमोट ठीक आहे," तो म्हणाला आणि त्याने तिसऱ्यांदा तोच सीन लावला.

आता मला तिचा चेहरा दिसला. पडल्यावर ती त्या पोराकडे बघतच नव्हती. आजूबाजूला कोण बघतंय, हे ती बघत होती.

कुणीच हसलं नाही. मग त्याने सिनेमा पुढे जाऊ दिला.

संपल्यावर मी त्याला खुर्च्या आवरू लागलो. सगळ्यात आधी मीच हसलो होतो, तेही शेवटच्या रांगेतून.

त्याने माझ्या हातातली खुर्ची घेतली. "नेक्स्ट टाइम पहिल्या रांगेत बस," तो म्हणाला. "तिथून नीट दिसतं."